सुट्या भागांनी फिरलेली गाडी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंच्या अँबेसेडरएवढा प्रवास दुसऱ्या कुठल्याही गाडीने केलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. तिचं कार्बोरेटर हैदराबाद पाहून आलं, हेडलाइटची रिंग दोन दिवाळ्या कलकत्त्यात राहिली, वायपरची मोटर ऐन थंडीत दिल्लीला जाऊन आली. अख्खी गाडी मात्र अकरा वर्षांत अंगणातल्या कडुनिंबापुढे सरकली नव्हती. आली होती तीसुद्धा टोचन लावूनच. जुन्या गाड्यांचं सामान विकणारी मंडळी ‘आधी सँपल पाठवा’ म्हणतात. बाकीचं जग त्यावर मोबाइलवरून फोटो धाडतं. साडूभाऊ पडले तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. मूळ कागद जोडल्याशिवाय अर्ज हलत नाही, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. म्हणून मूळ भागच गाडीतून काढायचा, बायकोच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, जुन्या पातळात गुंडाळायचा आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा. मी एकदा फोटोचं सुचवून पाहिलं. म्हणाले, “साडूभाऊ, फोटो म्हंजे झेरॉक्स. झेरॉक्सवर काम होते का कुठं?”

ओरिजनलचं वेड तर विचारूच नका. डाव्या मागच्या दाराचा हँडल सँपल म्हणून गेला आणि आठ महिने ते दार सुतळीने बांधलेलं होतं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक लेथवाला बिचारा म्हणाला, काका, संध्याकाळपर्यंत अस्साच करून देतो. साडूभाऊंनी त्याच्या हातचा चहा अर्धा टाकला आणि निघून आले. आलेला प्रत्येक भाग ते कानाशी धरून टिचकी मारून पाहतात. “ओरिजनल बोलते, डुप्लिकेट नुसतं वाजते,” हे त्यांचं शास्त्र. हैदराबादच्या सामानवाल्या चाचांशी त्यांचा फोन कचेरीच्या भाषेतच चालायचा: “चाचा, उपरोक्त हँडल का क्या हुवा? स्मरणपत्र दुसरा है ये!” तिकडून चाचा म्हणायचे, “साब, आप गाडी बना रै कि मुकदमा लड रै?” आणि मग दोघं अर्धा तास एकमेकांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचे. मधल्या काळात भाग राहायचा बाजूला. रविवारी मात्र गाडीची बॅटरी चार्ज, टायरात हवा, पुसापुशी, आणि स्टिअरिंगमागे बसून पेपरवाचन, यात कधी खंड नाही.

हे सगळं मी हसून सोडलं असतं, पण घाटंजीला आमच्या सासूबाई एकट्या राहत होत्या. वय ब्याऐंशी. यवतमाळला चला म्हणून ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यांच्या मागे लागलेली. गाडी आली त्या वर्षी सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, “जावायाची ते मोठी गाडी मले घ्याले आली, की त्याच दिवशी येतो. एसटीनं नाही, रिक्षानं नाही.” मी माझी गाडी पुढे केली, तर म्हणाल्या, “तुमच्या डबीत मले मळमळते.” झालं! तेव्हापासून घरातल्या प्रत्येक सणावाराला साडूभाऊंची खरडपट्टी. “तुमच्या त्या ओरिजनलच्या पायी माही माय तिकडं एकटी मरन एखाद्या दिवशी,” ताई म्हणायची. ते खाली मान घालून ऐकायचे आणि उठून हैदराबादला फोन लावायचे. मीही त्यांना भरपूर सुनावलं आहे. फुकटचा सल्ला द्यायला आपल्या बापाचं काय जातं!

यंदा संक्रांतीच्या आधी सासूबाई न्हाणीत घसरल्या. मनगट मोडलं. आता चुलीजवळ उभं राहणंसुद्धा अवघड. दुसऱ्या दिवशी मी साडूंकडे पोचलो तो तावातावानेच. त्यांनी डिक्की उघडली, पातळात गुंडाळलेलं कार्बोरेटर काढलं आणि पान्हे घेऊन बसले. दुपारपर्यंत गाडी दोनदा खोकली आणि चक्क सुरू झाली.

“अहो, हे आलं कधी?”

“दोन वर्षं झाले.”

“मग बसवलं का नाही?”

त्यांनी हात पुसले. “बसवलं असतं तर म्हातारीले घर सोडा लागलं असतं, साडूभाऊ. तिले इकडं याचंच नोतं. पोरींच्या तोंडावर नाही म्हणाले तिच्याजवळ दुसरं काय होतं? हे गाडीच होती.”

दोन वर्षं हा माणूस घरादाराची बोलणी खात होता आणि त्यात माझाही वाटा मोठा होता. मला फार लाज वाटली.

ताईला घेऊन आम्ही घाटंजीला पोचलो. हॉर्न ऐकून सासूबाई दारात आल्या, हात प्लॅस्टरमध्ये. त्यांनी गाडीला सावकाश एक चक्कर मारली. ताईने घराला कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या चांगल्या हातात दिली आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी किल्ली कमरेला खोचली. मग हळूच म्हणाल्या, “एवढ्या लवकर झाली का हो तयार, जावाईबापू?”

“चूक झाली, आई,” साडूभाऊ म्हणाले. आणि घर दिसेनासं होईपर्यंत गाडी त्यांनी पहिल्या गेअरमध्येच चालवली.