तापलेलं खळं

माझे तळवे भाजत नाहीत, याचा मला दोन-तीन वर्षं चांगलाच तोरा होता.

मे महिन्यात आम्ही घरासमोरच्या खळ्यात रातांब्याच्या साली वाळत घालतो. फळं फोडायची, बिया आणि गर काढायचा, गराच्या रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवून उन्हात टाकायच्या. वाळल्या की पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटं दिली की आमसुलं तयार होतात. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून हे करतो आणि रत्नागिरीतल्या दोन दुकानांना माल देतो. खळं सिमेंटचं आहे. भर दुपारी साली उलटायला त्यात उतरावं लागतं, तेही अनवाणी. खायची वस्तू पसरली असेल तिथे चप्पल घालून जायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या, शिस्त राहिली.

जाऊ टाचा उचलून कशीबशी दोन ओळी उलटायची आणि पडवीत पळायची. मी शेवटची साल उलटेपर्यंत उन्हात.

"वहिनी, पाय आहेत की खूर?"

"तुझे लोण्याचे आहेत, त्याला मी काय करू?"

मला बरीच वर्षं साखर आहे. गोळ्या घेत होते. टाचांना भेगा होत्या, त्यांना रातांब्याच्या बियांचं तेल चोळत होते. कातडी जाड झाली म्हणून चटका लागत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. कोणी विचारलंही नाही. काम पटापट होत होतं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी जाऊ बाजाराला गेली होती. मी एकटीने पूर्ण खळं उलटलं. त्यानंतरचे दोन दिवस पुटं देण्याची घाई होती. तिसऱ्या दिवशी मी नळावर हातपाय धुऊन आत आले आणि चहा ठेवला. जाऊ दारात थांबली.

"वहिनी, पाय धुतलेत ना?"

"धुतले की."

"मग हे काय?"

दारापासून ओट्यापर्यंत माझी पावलं उमटली होती, लाल. त्या दिवसांत आमच्या घरात सगळंच लाल असतं. हात, साड्या, पायपुसणी, मांजराची शेपटी. आदल्या दिवशीही तशीच पावलं होती. मीच ती पुसली होती.

"रस असेल," मी म्हटलं.

तिने खाली बसून बोट टेकवलं आणि वास घेतला. "हा आंबट नाही."

तिने मला स्टुलावर बसवून उजवं पाऊल उलटं केलं. मला तळवा दिसला नाही, तिचा चेहरा दिसला. अंगठ्याखाली मोठा फोड येऊन फुटला होता, कातडी सुटली होती. त्याच पायाने मी दोन दिवस मिठाच्या रसात वावरले होते.

"दुखत नाही?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही गो. चहा उतू जाईल, गॅस बंद कर आधी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. "काकी, मी पायाला दोरा टेकवीन. कळलं की हो म्हणा." मी हो म्हणत गेले. पाच-सहा वेळा म्हटलं असेल. मग जाऊ फिसकन हसली. मी डोळे उघडले. डॉक्टरीणबाई हातात दोरा घेऊन नुसत्या बसल्या होत्या.

"मी अजून टेकवलाच नाहीये, काकी."

मी खोटं बोलत नव्हते. त्यांच्या बाहीची सळसळ ऐकू येत होती, त्यामुळे दोरा आता लागला, आता लागला असं मला खरंच जाणवत होतं. पुढे दोरा टेकवला तेव्हा मी गप्प होते.

हे मला नंतर खाटेवर पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा आठवे. दिवे गेले की निदान दिसत नाही एवढं तरी कळतं. पायाचं तसं नव्हतं. काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही. जमीन नेहमीसारखी होती, चालणं नेहमीसारखं होतं. खळं तापलंय हे माहीत होतं, पण पायाला ते गारच होतं. आमचा कुत्रा मासळीवाल्याचा टेम्पो वळणावर यायच्या बऱ्याच आधी उठून भुंकतो. आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून रिकाम्या रस्त्याकडे बघून आम्ही त्याला वेडा म्हणायचो. टेम्पो आला तरी म्हणायचो.

सहा आठवडे ड्रेसिंग चाललं. अंगठा आधी निळसर झाला, मग काळा. पाऊल वाचवायचं तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. "काढा," मी म्हटलं. नवरा मुंबईहून रजा टाकून आला. सही त्याने केली. मला काही वाटत नव्हतं. पायाला नाही आणि एरवीही नाही. त्या वर्षीचा उरलेला माल जाऊने एकटीने दिला.

अंगठा गेल्यावर दोन महिन्यांनी त्याला खाज सुटली. होता तेव्हा चटका लागला नाही, मीठ झोंबलं नाही, आणि आता नसताना खाजतो. मी खाली बघते, जागा रिकामी असते. तरी खाज खरी असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं. मी काही काळ हवेतच खाजवून बघितलं. उपयोग होत नाही.

आता रोज संध्याकाळी मी आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे बघते. अंघोळीचं पाणी जाऊ आधी बघते. या मेमध्ये तिने माझ्यासाठी नव्या रबरी चपला आणल्या. फाटकाबाहेर कधीच घालायच्या नाहीत, फक्त खळ्यासाठी.

"सासूबाई वरून बघत असतील," मी म्हटलं.

"बघू देत. मी सांगेन त्यांना."

चपला घालून उतरले. साली मधोमध पसरल्या होत्या, जाऊ कडेला नाचत होती.

"तापलंय का गो?"

"तापलंय का काय विचारता! दिसत नाही?"

तिचं नाचणं दिसत होतं. पण डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय की पायानंतर हाताच्या बोटांची पाळी येऊ शकते, लक्ष ठेवा. म्हणून कामाला लागण्याआधी मी रोज वाकून खळ्याला बोटं टेकवते, आधी उजव्या हाताची, मग डाव्या हाताची.

दोन्ही भाजली. मी साली उलटायला घेतल्या.