ओवीचा हलणारा दात

ठाण्याच्या मुलांच्या आयसीयूत नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर किस्से जमवावे लागत नाहीत. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. हे सगळे एकट्या ओवीचे.

ओवी सात वर्षांची. न्यूमोनियाचं इन्फेक्शन रक्तात पसरलेलं. आमच्या डॉक्टर केळकर सरांनी तिच्या बाबांना समजावलं, की अशा वेळी रक्त आतल्या आत नको तिथे गोठतं, गोठायचं सामान तिथेच संपतं, आणि मग सुई टोचली तिथून रक्त थांबत नाही. बाबा म्हणाले, "सर, देवाकडे नक्की मागू काय? गोठू दे, की गोठू नको दे?"

"दोन्ही मागा," सर म्हणाले.

प्लेटलेट्स आणायला बाबाच गेलेले. ब्लड बँकेत पिशव्या मशीनवर सारख्या हलताना बघितल्या, म्हणून रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन जोजवत बसले. घोडबंदर रोडला रिक्षावाला म्हणाला, "साहेब, तुम्ही नुसती धरा. हलवायचं काम खड्डे करतायत." हे सांगताना बाबा पहिल्यांदा हसले. मला मात्र रडू आलं.

ओवीची बाळकुमची आजी प्लेटलेट्सची ती पिवळी पिशवी बघून माझ्यावरच उखडली. "गावच्या पोरांनी रगत दिलाय, आनि तुमी हलदीचा पानी लावताव?" रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स पिवळ्याच दिसतात, असं मी समजावलं. पटलं नाही, पण थेंब न् थेंब आत जाईपर्यंत ती हलली नाही.

ओवी जरा सावरली आणि नवंच संकट! तिचा पुढचा दात हलायला लागलेला. पडला आणि रक्त थांबलं नाही तर? दाताला कोणी हात लावायचा नाही, अशी सरांची ऑर्डर निघाली. राउंडला ते आधी दाताची चौकशी करायचे, मग फुप्फुसांची. ओवीची जीभ मात्र कोणाचं ऐकेना.

शेवटी पेज खाताना तो पडलाच. सरांनी स्वतः गॉज दाबून धरला. आम्ही सगळ्या भोवती उभ्या. गॉज काढला, तर हिरडीवर छोटीशी गुठळी बसलेली. रक्त थांबलं होतं. ओवीने गॉजवरचा डाग बघितला.

"एवढंच?"

आजीने दात पदरात बांधायला घेतला. म्हणे छपरावर टाकायला पाहिजे, नाहीतर नवा वाकडा येतो. सरांनी तो तिच्याकडून काढून घेतला. "आजी, हे आयसीयू आहे. इथे असलं काही चालत नाही."

दुपारच्या राउंडला सर उशिरा आले. मी कारण विचारलं.

"टेरेसची चावी सापडत नव्हती," म्हणाले, आणि ओवीच्या बेडकडे वळले.