मिटण्याआधी मिटलेला संप

पान सोडायला दोन तास होते आणि कुरुळीच्या बबनरावांनी फोनवर माझ्या लेखाचा कणाच काढून घेतला. पान सोडणं म्हणजे ते छपाईला पाठवणं.

लेख आमच्या संपादकांवर होता. साहेब त्या दिवशी निवृत्त होत होते. आमचा पेपर छोटा, पण साहेबांचा फोन आला की पिंपरी-चिंचवडमधले मोठमोठे अधिकारी खुर्चीत सरळ बसायचे. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. मुलाखतीत माझं इंग्रजी ऐकून साहेब म्हणाले होते, "असू दे, आपला पेपर मराठी आहे." त्या एका वाक्यावर आज माझं घर उभं आहे. लेख पहिल्या पानावर जाणार होता, बायलाइनसह, म्हणजे माझ्या नावानं. गावी आईला मी आधीच कळवून बसलो होतो.

साहेबांची सगळ्यात गाजलेली बातमी चाकणच्या एका कंपनीतल्या संपाची. 'संप मिटला' हे त्यांनी सगळ्यांच्या आधी छापलं. ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट ऐकवतात. बबनराव तेव्हाचे युनियन लीडर. मला त्यांचं कौतुकाचं एक वाक्य हवं होतं.

"मिटला कुठं होता?" बबनराव म्हणाले. "आमी आत भांडत होतो. तुमचे सायेब गेटवर. चहाचा दुसरा ट्रे आत गेला, त्यांना वाटलं, मिटल्याचाच चहा."

"मग दुसरा चहा कशाला?"

"पहिला भांडणात गार झाला म्हनून."

"पण कंपनी दुसऱ्या दिवशी चालू झाली ना?"

"व्हय. पोरांनी सकाळी पेपर वाचला आन् युनिफॉर्म घालून, डबे घेऊन गेटवर हजर. मॅनेजमेंटनं खिडकीतून रांग बघितली. मग आमचं कोन ऐकतंय? पोरांना आनायला-सोडायला कंपनीची बस द्या, ही मागणी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. लिवा, संप सायबांनी मिटवला. आमी न्हाई."

हे गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण प्रत्येक बातमीवर "दुसरी बाजू घेतली का?" असं विचारून साहेबांनीच आम्हाला वर्षानुवर्षं छळलं होतं. मी केबिनमध्ये गेलो. साहेब ड्रॉवर रिकामा करत होते. मी सगळं सांगितलं.

"ट्रे दोन गेले होते," ते म्हणाले. "मी मोजले होते."

"हो साहेब. पहिला गार झाला होता."

त्यांनी ड्रॉवर बंद केला. आईला आता काय सांगायचं, याचा मी विचार करत होतो.

"बबनरावांच्या बाजूला किती ओळी लागतील?" साहेबांनी विचारलं.

"बारा."

त्यांनी लाल पेन घेतलं आणि 'निर्भीड, व्यासंगी, ऋषितुल्य' असा माझा सगळ्यात आवडता परिच्छेद काढून टाकला.

"झाली जागा."

लेख छापून आला. सकाळी कासारवाडीहून, साहेबांच्या घरून फोन.

"वाचलं."

"कसं वाटलं, साहेब?"

"युनियनची बाजू आहे. कंपनीची कुठंय?"

मी वही ओढली.

"आज घे. आणि बस अजून का नाही, तेही विचार."

साहेब निवृत्त झाले, असं आम्ही पहिल्या पानावर छापलं होतं. ती बातमीही जरा आधीच गेली.