पुण्याला गेलेलं बोकड

नव्वदच्या दशकात मी पुण्यात मूळपेशींवर पीएचडी करत होते. बोकडाच्या हाडातल्या मगजातून त्या वेगळ्या काढायच्या, काचेच्या बशीत वाढवायच्या आणि पुढे त्यांतून झिजलेल्या गुडघ्यासाठी नवी कूर्चा बनवायची, असा माझा बेत. पेशींना तो मान्य नव्हता. खाटकाकडून आणलेल्या हाडांतल्या पेशी रुसलेल्या जावयासारख्या बशीत पडून राहत आणि मरत. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "अजून एकदाच. नाही जमलं तर विषय बदला."

तेवढ्यात आमच्या गावची, वरकुट्याची जत्रा आली. म्हणजे घरोघरी मटण. मी काकीला बजावलं, कापल्याबरोबर एक नळी मला दे.

"जावयाच्या ताटातली?" काकी म्हणाली, पण दिली. मी ती स्पिरिटनं पुसली, निर्जंतुक पिशवीत बांधली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि निर्धास्तपणे चहा प्यायला गेले.

पुण्यात सरांसमोर डबा उघडला. पिशवीची गाठ सुटलेली. नळी हळद-मिठात न्हालेली. सोबत कोळसा, लाल मिरची आणि लिंबाचा पाला. सरांनी चष्मा पुसून परत घातला. "ही कुठली पद्धत?"

पेशी अर्थातच मेल्या होत्या. मी गावच्या दुकानात फोन लावून काकीला बोलावून घेतलं आणि मनसोक्त ओरडले.

"आगं, मटण घिऊन यस्टीनं येकटी जाणार, मागं काय लागलं म्हंजी? आन हळद-मीठ न लावता टिकतंय व्हय?"

त्याच आठवड्यात वॉचमन धावत आला. गेटावर काकी उभी, हातात दावं, दाव्याला बोकड. दुधाच्या टेम्पोतून दोघं आली होती. "आता नासायचा सवालच न्हाय. जित्तंच आणलंय."

सरांनी हसू दाबत आणखी एक संधी दिली. जनावरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढला. काकी शिंगं धरून डॉक्टरांनाच रागवत होती. शुद्धीवर आल्यावर बोकडानं सरांनी आधीच लिहून ठेवलेली विषय बदलण्याची नोटीस खाल्ली. आणि पेशी वाढल्या! मी लॅबमध्ये नाचले. माझा विषय वाचला, आणि पुढची सगळी नोकरी त्या बोकडावर उभी राहिली.

बोकड गावी परतलं. पुढच्या जत्रेत काकी त्याला कुणाला हात लावू देईना. "त्याचा जीव पुण्यात बी हाय. हितं कापलं तर तितं कळंल न्हवं?" त्या जत्रेत जावयाला पिठलं मिळालं.

काही वर्षांनी बोकड म्हातारपणानं गेलं. काकीचा लॅबमध्ये फोन आला, ती रडत होती.

"तितलं हाय न्हवं?" तिनं विचारलं.

गोठवून ठेवलेल्या त्याच्या पेशी मी नुकत्याच पुन्हा वाढवायला घेतल्या होत्या. म्हटलं, "हाय, काकी."

"मग त्याला उपाशी ठिवू नगंस."

मी फोन ठेवला आणि बशीत ताजं खाद्य घालायला गेले.