दोन सऱ्यांची वाट

अन्याय झाला तो आमच्या गावच्या बाईंवर. गेल्या धुळवडीला, सकाळी सव्वादहा वाजता, त्यांच्या नवऱ्याची शवपेटी आमच्या उसात अडकली.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. पहिली ते चौथी मला त्यांनीच शिकवलं. आमचं गाव राहुरीच्या बाजूला, कालव्याच्या अलीकडे. गावठाणाच्या मागे ख्रिस्ती वस्ती, त्यापुढे आम्हा मराठ्यांची रानं, आणि आमच्या रानाच्या पलीकडे ख्रिस्ती लोकांची दफनभूमी. म्हणजे त्यांच्यातलं कुणी गेलं की शेवटचा प्रवास आमच्या उसातून.

अन्याय करणारे दोघे. माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, आणि मी. तात्यांनी वाटेवर ऊस लावला. मी पत्रक काढलं. तात्यांचा गुन्हा रानात उभा होता, कुणालाही दिसत होता. माझा गुन्हा चांगल्या कागदावर छापलेला होता, आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

मी कार्यकर्ती आहे. नगरच्या एका शिबिरात तीन दिवस पत्रक लिहायला शिकले: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये संताप. संताप माझ्याकडे आयताच होता. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी पाणीपुरवठ्यावर पत्रक काढलं, दुसऱ्या आठवड्यात एसटीवर. तिसऱ्या आठवड्यात विषय संपले म्हणून मी सर्वेक्षण हाती घेतलं. गावातल्या दोन वस्त्या, आमचा मळा आणि ख्रिस्ती वस्ती. कोण पुढे, कोण मागे, आणि का. प्रश्नावली मी आमच्या ओट्यावर बसून एका दुपारी तयार केली. त्या ओट्यावरून काय दिसत नाही, ते पुढे कळलं.

ख्रिस्ती वस्तीत गेले आणि थक्क झाले. लहान घरं, पण दारात चपला ओळीनं लावलेल्या. चहा कपबशीत आला. लोखंडी कपाटातून प्रमाणपत्रं निघाली, प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत. कुणाची मुलगी पुण्यात नर्स, कुणाचा मुलगा सुप्याला कंपनीत, कुणी शिक्षक, कुणी शिक्षकाचा मुलगा म्हणून पुन्हा शिक्षक. आमच्या मळ्यात दोन ट्रॅक्टर, एक बुलेट, आणि बारावी नापास झालेले तीन चुलत भाऊ, ज्यांना कुणी मुलगी देत नाही. मी वहीत लिहिलं: डोळे उघडले. माझे डोळे त्या काळात आठवड्यातून दोनदा उघडायचे.

बाईंचे यजमान तेव्हा अंगणात कुंडीतल्या गुलाबाची माती उकरत होते. उभी हयात त्यांनी कृषी विद्यापीठाच्या प्रयोगाच्या रानात मजुरी केली. उसाची जात नुसत्या पानावरून ओळखायचे. आमचे तात्या दर लागणीला त्यांना विचारायला जायचे, कोणतं बेणं आणू. मी त्यांना प्रश्नावलीतला नववा प्रश्न विचारला.

“काका, शेती किती?”

“शेती न्हाई.”

“म्हणजे एक एकराच्या आत?”

“पोरी, एक एकराच्या आतसुदीक न्हाई. कुंडी हाय ही गुलाबाची, ती लिव्हायची तर लिव्ह.”

मी खाली पाहिलं. माझ्या कागदावर तीन चौकटी होत्या. एक एकराखाली, एक ते पाच, पाचच्या वर. जमीन नाहीच, अशी चौकट मी केलीच नव्हती. सुचलीच नाही. आमच्या घरात पाहुणा आला की विचारतात, किती एकर. आहे का, असं मी जन्मात कुणाला विचारताना ऐकलं नाही. मग मी तिथं काहीच केलं नाही. चौकट कोरी ठेवली आणि पुढे गेले. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरी तेच झालं. संध्याकाळी लॅपटॉपवर आकडे भरताना नवव्या प्रश्नाचा रकाना इतका कोरा होता की मी तो सरळ काढून टाकला, आणि तळटीप दिली: जमिनीविषयी समाधानकारक माहिती मिळाली नाही.

समाधान माझं व्हायला हवं होतं, असा एकूण अर्थ.

जमीन वगळल्यावर निष्कर्ष स्वच्छ निघाला. ख्रिस्ती वस्ती पुढे, आम्ही मागे. पत्रकाचा मथळा मी लाल रंगात छापला: शिकले ते सधन झाले. बाजाराच्या दिवशी वेशीवर उभी राहून मी स्वतः वाटलं. तात्यांनी वाचून चष्मा काढला.

“व्हय गं, आमी अडाणी आन् भिकारी, ह्ये छापायला पैसं कुणी दिलं?”

“तात्या, हे आत्मपरीक्षण आहे.”

“मग सोताचं कर की. आमचं कशाला करती?”

बाईंनी प्रत मागवून घेतली आणि दोन दिवसांनी परत पाठवली नाही, स्वतः आणून दिली. लाल पेनानं अकरा चुका काढल्या होत्या. म्हणाल्या, “लिहितेस छान. पण आम्ही सधन कधी झालो, तेवढं सांग. मला कुणी कळवलं नाही.”

मी त्यांना समजावून सांगितलं. बाईंना, ज्यांनी मला एकपासून शंभरपर्यंत शिकवलं, त्यांना मी सांगितलं की सधनता म्हणजे नुसती मालमत्ता नव्हे, तिला अनेक पैलू असतात. त्या पदर सावरत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी पेन्शन आहे. तिच्यावर घर चालतं, मुलीची फी झाली. मी मेले की ती बंद. तुमचं रान कुणी मेलं म्हणून बंद पडतं का गं?”

याचं उत्तर मला शिबिरात शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, पुढच्या आवृत्तीत विचार करू.

त्याच वर्षीच्या महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ख्रिस्ती वस्तीचा अर्ज होता. दफनभूमीच्या वाटेवर मुरूम टाकून ती कागदावर आणावी, एवढीच विनंती. वाट होती ती तोंडी. माझ्या पणजोबांनी शब्द दिला होता की उसाच्या दोन सऱ्यांएवढी पट्टी सोडू, आणि प्रत्येक लागणीला ती सुटत आली होती. कुणी उपकार म्हणून बोललं नाही, कुणी हक्क म्हणूनही नाही. वस्तीला तो शब्द कागदावर हवा होता, कारण शब्द देणारे सगळे गेले होते.

अर्ज वाचून झाला आणि एक सदस्य उठले. त्यांच्या हातात माझं पत्रक. त्यांनी माझा मथळा मोठ्यानं वाचला, मग दुसरा परिच्छेदही.

“आपल्याच पोरीनं घरोघर फिरून काढलंय. ही वस्ती सधन हाय. सधन लोकांनी मुरूम सोता टाकावा. आधी गरिबाचं बघू.”

खरं सांगते. पहिले काही क्षण मला आनंद झाला. माझं वाक्य ग्रामसभेत वाचलं जात होतं आणि लोक मान वळवून माझ्याकडे बघत होते. मी ओढणी नीट केली. अर्ज पुढच्या वेळेवर गेला, हे मला कळलं तेव्हा सभा चहावर आली होती. मी उठून बोलायला हवं होतं. मी नंतर त्यावर टिपण काढायचं ठरवलं.

तात्या सभेतून थेट रानात गेले. कागदावर वाट नाही आणि ग्रामसभेलाही तिची घाई नाही, मग दोन सऱ्या रिकाम्या का ठेवायच्या, असं त्यांचं गणित. त्या पावसाळ्यात त्यांनी पट्टीवरही आडसाली, म्हणजे दीड वर्ष उभा राहणारा, ऊस लावला. बेणं अर्थातच बाईंच्या यजमानांना विचारून. मला ती लागण दिसली नाही, कारण मी तेव्हा गावागावांत ‘वाटा अडवू नका’ या विषयावर बोलत होते. विषय वाहतुकीचा होता.

बाईंचे यजमान होळीच्या दिवशी गेले. पेटी खांद्यावर घेऊन सहाजण निघाले तेव्हा ऊस डोक्याच्या वर दीड हात. पट्टीच्या तोंडाशी येऊन सगळे थांबले. पाळकांनी पुस्तक मिटलं. पेटीच्या दोन्ही बाजूंना तिघं-तिघं मावतच नव्हते. मधले दोघं बाजूला झाले, पुढे दोन, मागे दोन असे आत शिरले, आणि दहा पावलांवर पेटी उसात रुतली. पुढच्यांना मागचे दिसेनात. पात्यांनी कपाळं चिरली. कुणीतरी आतून ओरडलं, “उभी करू का जरा?”

बाई बांधावरून म्हणाल्या, “उभी करू नका रे. त्यांना उंचीवर चक्कर यायची.”

कुणी हसलं नाही. मी तिथंच होते, खिशात पेन घेऊन.

तात्या कोयता घेऊन आले ते धावतच. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी बांधावर ठेवली आणि स्वतःचा ऊस तोडत आत निघाले. अर्ध्यावर थांबून वळले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “मला वाटलं व्हतं, अजून लई दिस हायेत त्यांना.”

पेटी गेली. पण ऊस बुडख्यापासून तोडला तरी पुन्हा फुटतो, हे तात्यांना माहीत होतं, मलाही. दोन महिन्यांत पट्टी परत हिरवी. कालव्याकडून वळसा घेतला तर मध्ये पाण्याची चारी आडवी येते. तरणा माणूस उडी मारून जाईल. बाई बहात्तर वर्षांच्या आहेत. पुरलं त्या दिवसापासून त्या कबरीपर्यंत पोचलेल्या नाहीत. आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांत माती बसायला वर्ष देतात, मग वर दगड बसवतात. दगड घडवून तयार आहे, वस्तीत बाईंच्या ओट्याला टेकवून ठेवलाय. त्यावर नाव आहे, खाली एक ओळ आहे, आणि तो न्यायला वाट नाही.

मी तात्यांशी भांडले. आवाज चढवून, मुद्दे मांडून.

“त्यांच्यात नोकऱ्या हायेत, पेन्शनी हायेत,” तात्या म्हणाले. “आमची पोरं जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालत्यात, एकाचं लगीन जमंना. आमच्याकडं काय हाय? ह्यो ऊस.”

“दाखल्याच्या त्याच रांगेत त्यांचीही पोरं आहेत, तात्या. धर्म बदलला म्हणून त्यांची अनुसूचित जातीची सवलत गेली. जमीन त्यांना आधीही नव्हती.”

“ह्ये तुझ्या पत्रकात न्हाई.”

नव्हतंच. कोरी चौकट होती.

मग ते शांतपणे म्हणाले, “लई बोलती. सातबाऱ्यावर तुझं नाव हाय का न्हाई? तुझा बाप गेल्यावर लागलंय. वाट सोडायच्या संमतीपत्रावर आधी तू सही कर, मंग मला शिकीव.”

हे लिहिणं मला सर्वांत जड जातंय. सही करायला मला सात महिने लागले. आजवर मी धरणाच्या पाण्यासाठी सही केली, दूर कुठल्या जंगलासाठी केली, ज्या देशाचं नाव नीट उच्चारता येत नाही तिथल्या कैद्यांसाठी केली. बाईंच्या वस्तीनं आणलेला कागद मात्र माझ्या पिशवीत फिरत राहिला. कारणं उत्तम होती. आई काय म्हणेल. हिस्से अजून पडले नाहीत. वकिलाला विचारू. खरं कारण असं की ती जमीन माझी होती, आणि ती माझी आहे हे मला त्या दिवसापर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. जाणवलं आणि लगेच सोडवेना.

एकदा बाई रस्त्यात भेटल्या. कागदाविषयी त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, “नवीन पत्रक नाही काढलंस?”

“लिहितेय, बाई. तुमच्यावरच.”

“माझ्यावर नको. मला वाचता येतं, चालता येत नाही.”

गेल्या सोमवारी मी सही केली. तलाठ्याच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. अक्षर वाईट आलं, बाईंनी पाहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं. तेवढ्यानं काही फत्ते झालेलं नाही. वाट सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढायला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. आम्ही पाच आहोत. आईनं केली. थोरल्या चुलत्यांच्या पश्चात नाव लागलेले दोघं चुलत भाऊ तात्यांच्या तोंडाकडे बघतात. तात्या म्हणतात, बघू. ऊस तुटून गेलाय, पट्टीवर पाणी सोडलेल्या चिखलात खोडव्याचे कोंब वर आलेत, आणि दगड बसवायच्या धुळवडीला जेमतेम तीन आठवडे उरलेत.

तात्यांशी माझं मी बघते. मला तुमच्याशी बोलायचंय. तुमच्या घरात सातबारा असेल तर तो आज काढा आणि तुमचं नाव शोधा. मग रानात जाऊन बघा, तुमच्या शब्दावर तिथून कोण चालतंय: मशिदीला, कबरीला, विहिरीला, कुणाच्या झोपडीला. त्या लोकांना घरी बोलवा, चहा द्या, आणि ती वाट ‘इतर हक्क’मध्ये चढवण्यासाठी तुमच्या हिश्शाची सही करा. पुढच्या लागणीच्या आत करा. सात महिने लावू नका.