हात मागे बांधणारे सर

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात गाडी बनवायच्या स्पर्धेची तयारी करून घेणारे सर वर्कशॉपमध्ये कायम हात मागे बांधून उभे असत.

स्पर्धेत शेवटच्या फेरीला दहा मिनिटं असताना आमच्या गाडीची चेन निसटली. दुरुस्ती मुलांनीच करायची असा नियम असूनही शेजारच्या संघाचे सर स्वतःच गाडीखाली शिरले होते. अशी जिंकलेली बक्षिसाची ढाल चोरीचीच! तरी घाबरून मी ओरडलो, "सर, तुम्हीच बसवा ना!"

"मेल्या, गाडी कोणाची? का निसटली ते आधी बघ."

मागचं चाक तिरकं बसलं होतं. मीच बसवलेलं. आम्ही पाच जणांनी ते सरळ केलं, चेन चढवली आणि फेरी पूर्ण झाली. नंबर आला नाही.

"दुरुस्ती कोणी केली?" परीक्षकांनी विचारलं. आमचे पाच काळेकुट्ट हात वर गेले.

मी सरांच्या मागेच उभा होतो. पाठीमागे घट्ट आवळलेली त्यांची बोटं तेव्हा कुठे सैल झाली.