समोरच्या दुकानासाठी प्रार्थना

आमच्या मामाचं सलून म्हणजे एक लांबट खोली. जागा दोन खुर्च्यांची, पण खुर्ची एकच. दुसरीच्या जागी फरशीवर स्क्रू काढल्याची चार भोकं उरली होती. ती खुर्ची आजोबा गेल्यावर धाकट्या मामाने वाटणीत नेली. नेली ती नेली, वर कुठे लावली? तर रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर. मामाने आरशात पाहिलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून सरळ धाकट्याचं दुकान दिसायचं.

खुर्चीचं मामाने एक वेळ सोडून दिलं असतं. पण धाकटा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, "दादाचा हात जड आहे." वस्तरा चालवणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. आणि गंमत अशी, की ती शिवी हळूहळू खरी व्हायला लागली. मामा दिवसभर मनातल्या मनात धाकट्याशी भांडायचा. तो असं म्हणाला तर मी असं म्हणेन, मग तो तसं म्हणेल, मग मी त्याला असं ऐकवेन. भांडण रंगात आलं की हात दाबला जायचा आणि फेसाखालून आवाज यायचा, "अहो, हळू!"

मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मामा चर्चला एक रविवार चुकवायचा नाही. वर्षातून एकदा मोठी सभा भरली की हा पहिल्या रांगेत. पाहुणे उपदेशक म्हणायचे, "ज्याला आपलं जीवन बदलायचं आहे त्याने हात वर करावा," की पहिला हात मामाचा. ओक्साबोक्शी रडायचा, घरी येऊन मामीची माफी मागायचा. त्यात खोटं काही नव्हतं. सोमवारी सलून बंद, म्हणून सोमवारही निभावून जायचा. मंगळवारी शटर वर गेलं, आरशात समोरचा बोर्ड दिसला, की येरे माझ्या मागल्या.

मामी म्हणायची, "आमच्या ह्यांचं तारण सोमवारपर्यंतच टिकतं."

त्याच सुमारास सिस्टर पडल्या. सिस्टर म्हणजे चर्चमधल्या जुन्या, निवृत्त परिचारिका. निम्म्या मंडळींना त्यांनीच पहिल्यांदा हातात धरलेलं, त्यात हे दोघे भाऊसुद्धा आले. आता त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. केस विंचरायचा त्रास नको, बारीक कापून टाक, असा त्यांनी निरोप धाडला. सोमवारी मामा पिशवी घेऊन गेला आणि मदतीला मला नेलं. उशा लावून आम्ही त्यांना बसवलं, खांद्यावर चादर टाकली. मामाने कात्री चालवायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने सिस्टर म्हणाल्या, "कोणाशी भांडतोयस रे?"

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तोंड नाही, पण कात्री काय तावातावाने बोलते आहे! माझा कान राहू दे जागेवर."

मग मामाने मन मोकळं केलं. खुर्ची, जड हात, सगळं. शेवटी म्हणाला, "सिस्टर, मी दरवर्षी हात वर करतो. मनापासून करतो. मग टिकत का नाही?"

"हात वर करतोस ते चांगलंच. पण एरवी दिवसभर डोक्यात काय शिजत असतं? तूच सांग. हृदय प्रभूला दिलंस आणि डोकं भावाला भाड्याने दिलंस. मग टिकणार कसं?"

मामाला हसावं की रडावं कळेना. "मग करू काय? विचार हाकलला तरी परत येतो."

"येणारच. रिकामी जागा ठेवलीस की येतो. त्या जागी दुसरं काहीतरी ठेव. त्याच्यासाठी प्रार्थना कर."

कात्री थांबली. "त्याच्यासाठी? मनातून येणार नाही माझ्या."

"येईपर्यंत तोंडाने कर. मन नवं करणं तुझ्या हातात नाही, ते देवाचं काम. पण रोज ते त्याच्यासमोर आणून ठेवणं तुझ्या हातात आहे. एकदा नाही, रोज. आता पाठीमागचे केस काप, मान दुखायला लागली."

मंगळवारी मामाने दात-ओठ खात सुरुवात केली. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता पुटपुटला, "प्रभू, समोरच्याचं दुकान चालू दे. पण माझ्यापेक्षा जास्त नको."

गिऱ्हाईक म्हणालं, "मला काही म्हणालात?"

"नाही हो. वर बोललो."

असं किती महिने चाललं कोण जाणे. मध्येच एखाद्या दिवशी मामा टॉवेल आपटायचा, आणि मामी मान हलवायची, पालथ्या घड्यावर पाणी. पण रोज एकाच माणसाचं नाव देवापुढे घ्यायचं म्हणजे त्या माणसाकडे नीट बघावं लागतं. एकदा जेवताना मामा अचानक म्हणाला, "बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांची अंघोळ, दाढी सगळं धाकट्यानेच केलं. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही, म्हणून मी दुकानात बसायचो. हे मला इतकी वर्षं आठवलंच नाही बघ."

मामीने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

आणि दुकानात 'अहो, हळू' ऐकू येईनासं झालं. मामाच्या ते लक्षातही आलं नाही. आम्हालाच जाणवलं.

मग तो दिवस आला. धाकटा मामा बल्ब बदलायला स्टुलावर चढला आणि स्टुलासकट आडवा झाला. मामाने आरशात पाहिलं, हातातला ब्रश तसाच ठेवला, गिऱ्हाइकाला म्हणाला, "बसा जरा," आणि रस्ता ओलांडून गेला. मी मागोमाग पळाले.

धाकट्याचं मनगट विचित्र वाकलं होतं. वेदनेने घामाघूम झालेला, तरी मामाला बघून म्हणाला, "तमाशा बघायला आलास?"

"नाही," मामा म्हणाला. "ह्यांची अर्धी दाढी राहिली आहे."

खुर्चीत खरंच एक गृहस्थ अर्ध्या फेसासकट बसले होते. मामाने आधी टॉवेलने भावाचा हात बांधला, धाकट्या मामीला बोलावून त्याला दवाखान्यात धाडलं, आणि मग ती दाढी पुरी केली.

प्लास्टर निघेपर्यंत मामा सकाळी आपलं दुकान उघडायचा आणि दुपारनंतर धाकट्याचं. तिथली मिळकत तिथल्याच गल्ल्यात टाकायचा. धाकटा गळ्यात हात अडकवून बाकावर बसलेला असायचा. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, दादांचा हात काय हलका आहे!" तेव्हा तो वर्तमानपत्र आणखी वर धरायचा.

हात बरा झाला. धाकट्याने आभाराचा शब्द काढला नाही. उलट आठवडाभरात समोर नवा बोर्ड लागला, दिव्यांचा, जुन्याच्या दुप्पट. मामाची दोन-चार ठरलेली गिऱ्हाइकं तिकडे वळली, कारण त्या दुपारांत त्यांना तिथली सवय लागली होती.

मामीच्या तोंडाचा पट्टा सुटला. "करा आणखी सेवा! त्या बोर्डाखाली जाऊन आरतीच काय ती ओवाळायची राहिली तुमची!"

मामाचा चेहरा लालबुंद झाला. तो उठला, मागच्या मोरीत गेला. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन बाहेर आला.

दुसऱ्या सोमवारी सिस्टरांना म्हणाला, "एवढं करून काय उपयोग? परत तोच राग आला."

"किती वेळ राहिला?"

"चहा होईपर्यंत."

"आणि आधी?"

"आधी मुक्कामालाच होता."

सिस्टर एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्या गेल्या तेव्हा दोघे भाऊ दफनभूमीत आले होते, वेगवेगळ्या टोकांना उभे. परतताना मामा मुद्दाम मागे थांबला, धाकट्याच्या बरोबरीने चालायला लागला, आणि म्हणाला, "बाबांच्या आजारात तुला मी एकट्याला टाकलं. चुकलं माझं."

धाकटा चालता चालता थांबला. नाक ओढलं, इकडेतिकडे पाहिलं. "ते शेवटी तुझंच नाव घ्यायचे," तो म्हणाला. "त्याचाच राग होता मला." मग खेकसून म्हणाला, "चल आता, उन्हात काय उभा राहतोस."

आभार त्याने अजून मानलेले नाहीत. पण सोमवारी दुपारी तो मामाकडे जेवायला असतो. मामीच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो, दोनदा मागून घेतो, आणि मामा जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटतो तेव्हा हाही मिटतो. मामी मात्र एक डोळा उघडा ठेवून त्याच्याकडे बघत असते.